एका दलाची सव्वीस रोपं

ही गोष्ट माझ्या पहिल्या सहीची आहे. त्या सहीने मी आईचा घेवडा कायमचा संपवायला निघाले होते. तो आईचा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. गुपित पोटात ठेवणं मला जमत नाही. आईला जमतं, हे मलाही या प्रकरणातच कळलं.

मी बीज परीक्षक आहे. बियाण्याचा नमुना येतो, तो उगवतो का ते मी बघते आणि शेकडा किती उगवला ते लिहिते. एखाद्या लग्नात कोणी विचारलं, "काय करतेस तू?" तर मी हे सांगते. मग समोरचा माणूस जरा वेळ थांबतो, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही येत नाही. एवढंच आहे.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे माझी आई. दाराच्या आत 'मॅडम, तुम्ही', दाराबाहेर 'आई, तू'. एकदा मी बरोबर उंबऱ्यावर उभी राहून विचारलं होतं की इथे काय म्हणू. तिने मला आत ढकललं आणि म्हणाली, "मॅडम म्हण. आणि उशीर झालाय."

माझी निवड बाहेरच्या लोकांनी केली, परीक्षा बाहेरच्यांनी घेतली, पेपर बाहेरच्यांनी तपासले. त्या तीन महिन्यांत आईने घरात 'अभ्यास कर' एवढंही म्हटलं नाही, उगाच हस्तक्षेप नको म्हणून. तरी पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी पार्टिशनच्या पलीकडून ऐकू आलं, "मॅडमची मुलगी आलीय. आता काय, सगळं बियाणं पास." बोलणाऱ्याचा चेहरा दिसला नाही, पण आवाजात बिस्कीट होतं.

त्या दिवसापासून मी कडक झाले. इतकी, की दोन आठवड्यांत माझं नाव 'कात्री' पडलं. मला ते आवडलं. मी घरी येऊन सांगितलंसुद्धा. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. ते म्हणाले, "फार घासली की काच फुटते." मी म्हटलं, "बाबा, कात्री." ते म्हणाले, "मला काचेतलंच कळतं."

आता थोडं बियांबद्दल, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

घेवड्याचं सुकं बी फोडलं तर दोन जाड फोडी निघतात. त्यांना दलं म्हणतात. त्या दोन दलांच्या बेचक्यात, तांदळाच्या कणीएवढं, एक आख्खं झाड घडी घालून ठेवलेलं असतं. एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला दोन दुमडलेली पानं. हा अंकुर. त्याचं पान उघडलेलं नाही, मूळ जमिनीत नाही, म्हणजे कमाईचं एकही साधन नाही. पाणी आत शिरलं की बी फुगतं, साल तडकते आणि दलांमध्ये साठवलेल्या पिठाची साखर व्हायला लागते. ती पाझरत पाझरत अंकुराकडे जाते. आधी मूळ बाहेर येतं, कारण घर बांधायच्या आधी पाण्याचं बघायचं असतं. मग मान वाकवून, मागून दोन्ही दलांना ओढत, रोप वर येतं. डोक्याऐवजी मान पुढे घातली की कोवळी पानं मातीला खरचटत नाहीत. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पहिली पानं हिरवी होऊन स्वतःचं कमवायला लागेपर्यंत सगळा खर्च दलांचा. रोप वाढतं तशी दलं सुरकुततात, पिवळी पडतात आणि एक दिवस कोणाला न सांगता गळून जातात.

इथे नवीन माणसाला हटकून आईची उपमा सुचते. आमच्याकडे नियम आहे, दलाला आई म्हणणाऱ्याने त्या दिवशीचे सगळे ट्रे धुवायचे. नियम आईनेच केलेला. "द्यायला साठवलेलं असतं, ते देतं. त्यात डोळे पुसण्यासारखं काय आहे?" असं तिचं म्हणणं. मी पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस ट्रे धुतले.

नमुना क्रमांक चारशे सतरा माझ्या टेबलावर आला तो मी रुजू झाल्याच्या पाचव्या महिन्यात. तोवर मी मोजायची आणि सही दुसरं कोणीतरी करायचं. हा पहिला नमुना, ज्याच्या खाली सही माझी असणार होती. छोट्या खाकी पाकिटात दोनशे बिया. गडद तपकिरी, आणि जिथे बी शेंगेला चिकटलेलं असतं तिथे पांढरी, नखाच्या कोरीएवढी रेघ.

नमुन्यावर नाव नसतं, फक्त आकडा. वाण कोणतं, कोणी आणलं, हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही. हे फक्त शीतगृहाच्या वहीत असतं आणि ती वही हिवाळेकाकांकडे. त्यांचं आडनाव वेगळंच आहे. उणे अठरा अंशांच्या खोलीत आत-बाहेर करावं लागतं म्हणून ते बाराही महिने स्वेटर घालतात, त्यावरून पडलेलं नाव.

शीतगृहात जुन्या वाणांचं बियाणं जपून ठेवतात, पण जागा थोडी आणि पाकिटं फार. म्हणून जुन्या पाकिटांची पाळीपाळीने चाचणी होते. शेकडा साठ उगवलं तर पाकीट राहतं. साठच्या खाली गेलं तर ते वाण यादीतून कमी. 'कमी' म्हणजे महिनाअखेरीला हिवाळेकाका पाकीट बाहेर काढतात आणि बिया भट्टीत एकशे तीस अंशांवर ठेवतात. त्यानंतर त्या बिया राहत नाहीत, नुसतं धान्य राहतं, तेही जळकं.

मी ओल्या कागदावर बिया मांडत होते. पन्नास-पन्नासच्या चार गुंडाळ्या करायच्या होत्या. तेवढ्यात मॅडम मागून आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि सरळ झाल्या. मग केबिनमध्ये गेल्या, दार लावलं.

त्या दाराआड काय झालं ते मला नंतर आवक-जावक वहीतून कळलं. नियम असा की नमुना कोणाचा हे एखाद्याला ओळखू आलं, तर त्याने प्रमुखांना लेखी कळवायचं आणि निकाल लागेपर्यंत त्या नमुन्यापासून लांब राहायचं. आईने ओळखला होता. म्हणून तिने प्रमुखांना अर्ज लिहिला. प्रमुख तीच. तिने तो अर्ज वाचला, 'मंजूर' असा शेरा मारला, स्वतःला एक प्रत दिली, पोच म्हणून स्वतःची सही घेतली आणि नमुन्याचे सगळे अधिकार हिवाळेकाकांकडे दिले. अर्जाची वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. मंजुरीची वेळ अकरा पंचवीस. पंधरा मिनिटं तिने नेमका कसला विचार केला असेल, कोण जाणे.

मला काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की त्या संध्याकाळपासून माझी आई गप्प झाली.

तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, म्हणून सांगते. ती दात घासताना बोलते. ती भाजी चिरताना भाजीशी बोलते. आणि आता जेवताना फक्त चमच्यांचा आवाज. मी म्हटलं, "ऑफिसात आज..." ती म्हणाली, "भात घे." मी म्हटलं, "एक नवीन नमुना..." ती म्हणाली, "अजून घे." त्या आठवड्यात माझं वजन वाढलं.

"तुमचं काही भांडण झालंय का?" मी बाबांना विचारलं.

"आमचं नाही," बाबा म्हणाले. "मला वाटलं तुमचं."

पाचव्या दिवशी पहिली मोजणी. गुंडाळी उलगडली की आत ओळीने उभी रोपं असतात, पांढरीफटक, मुळं खाली, माना वर. वास ओल्या वहीसारखा. चिमट्याने एकेक उचलायचं, मूळ बघायचं, मान बघायची, दलं बघायची आणि तीन ढीग करायचे: सामान्य, असामान्य, मेलेलं. बाहेरच्या जगात एखाद्याला असामान्य म्हटलं तर लोक त्याचा सत्कार करतात. आमच्याकडे तो नापास.

बऱ्याच रोपांचं एक दल गायब होतं. जुन्या बियांत असं होतं, सांध्याशी चिरतं आणि सालीबरोबर निघून येतं. दुसरं दल धडधाकट, मूळ लांब, कोंब सरळ, पण दल एकच. नियमपुस्तकात यावर एक ओळ आहे आणि ती मला पाठ होती. दलांचा निम्मा भाग धड असला तरी रोप सामान्य. निम्मा चालतो.

पण चिमट्यात रोप धरलेलं असताना मला ती ओळ ऐकू आली नाही, मला बिस्कीट ऐकू आलं. 'आता काय, सगळं बियाणं पास.' मी विचार केला, निम्मं म्हणजे काठावरचं. मॅडमच्या मुलीने काठावरची पास केली, तर लोक काय म्हणतील? मी रोप असामान्यात टाकलं. पुढचं तसंच निघालं, तेही टाकलं. एकदा हात वळला की वळला.

नवव्या दिवशी शेवटची मोजणी. दोनशेपैकी सामान्य एकशे चार, असामान्य अठ्ठावन्न, मेलेली अडतीस. उगवण शेकडा बावन्न. मी अहवाल लिहिला आणि खाली सही केली. सहीचा सराव मी आदल्या दिवशी एका आख्ख्या पानावर केला होता. तरी ती जरा उतरतीच आली.

हिवाळेकाकांनी अहवाल घेतला, आकडा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. "बावन्न?"

"बावन्न."

"नक्की?"

"काका, दोनदा मोजलंय."

"मोजलं असशील," असं म्हणून त्यांनी स्वेटरच्या खिशातून शिक्का काढला. गारठलेला शिक्का जरा पुसट उमटतो.

घरी बाबांनी सहीचा फोटो मागितला. आई स्वयंपाकघरात होती. "बघतेस का, मुलीची पहिली सही?" बाबांनी हाक मारली. नळ सुरू झाला. बराच वेळ सुरू राहिला.

आता गॅलरीबद्दल सांगायला हवं. प्रयोगशाळेत नापास झालेली रोपं खतात जातात, पण आई ती खतात जाऊ देत नाही. ती डब्यात घालून घरी आणते आणि गॅलरीत लावते. चहाचे कागदी कप, दुधाच्या पिशव्या, फुटका टब. वाकडी, खुरटी, एका पानाची, सगळी. आमची गॅलरी म्हणजे नापासांचं वसतिगृह आहे. त्यातली निम्मी मरतात, पण पाहुणचार घेऊन मरतात.

या वेळी आईने चारशे सतराच्या बशीला हात लावला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही, वळसा घालून गेली. मला वाटलं, रागात विसरली. म्हणून तिला खूश करायला मीच अठ्ठावन्न रोपं डब्यात भरून घरी आणली, कागदी कपांत लावली आणि प्रत्येक कपावर नापास होण्याचं कारण लिहिलं: 'मूळ खुंटलेलं', 'मान पिळलेली', 'कोंब सडका' आणि सव्वीस कपांवर 'एक दल'. मग आईला हाक मारली.

ती गॅलरीच्या दारापर्यंत आली. कपांकडे एकदा बघितलं. आणि मागे सरकली.

त्यानंतर तिने गॅलरीत पाऊल टाकलं नाही.

"आई, कपडे वाळत घालायचेत."

"बाबा घालतील."

"का?"

"मला त्या विषयावर बोलता येणार नाही."

"कपड्यांच्या?"

"कोणत्याच."

सोळा दिवस बाबांनी कपडे वाळत घातले. त्यांना चिमटे लावायची सवय नाही. दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा खालच्या मजल्यावर गेले आणि आमची खालच्यांशी ओळख वाढली. मी पाणी घालायची. 'मूळ खुंटलेलं' पहिल्या चार दिवसांत गेली. 'कोंब सडका' त्यांच्या पाठोपाठ. 'मान पिळलेली' थोडा वेळ झुंजली. 'एक दल' मात्र वाढत होती. मी बघत होते, पण बघणं आणि दिसणं यात माझ्या बाबतीत नेहमीच थोडं अंतर असतं.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, बाबा गॅलरीतून रिकाम्या हाताने आत आले.

"माझा शर्ट देत नाहीये," ते म्हणाले.

"कोण?"

"घेवडा."

मी बाहेर गेले. दोरीवर बाबांचा निळा शर्ट होता. त्याच्या लोंबत्या बाहीला खालच्या कपातून आलेल्या एका वेलाने तीन वेढे घातले होते आणि शेंडा पार काखेपर्यंत पोचला होता. कपावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'एक दल'.

मी खाली बसले. एकेक कप उचलून बघितला. ते एकुलतं दल कधीच सुकून, सुरकुतून मातीवर पडलं होतं, बोट लावलं की चुरा होत होता. त्याने एकट्याने दोघांचं काम केलं होतं आणि ते गेलं होतं. वर तीन-तीन पानांचे झुबके, हिरवेगार, चांगले रुंद. सव्वीसपैकी पंचवीस जिवंत. एक कबुतराने नेलं होतं, त्याला कोणत्याही नियमाने असामान्य म्हणता येत नाही.

मी नियमपुस्तक उघडलं. गरज नव्हती, पाठ होतं. तरी बोट ठेवून वाचलं. निम्मा भाग धड असल्यास सामान्य. यात काठ वगैरे काही नव्हता. काठ मी घरून नेला होता.

एकशे चार आणि सव्वीस, एकशे तीस. शेकडा पासष्ट.

पाकीट राहायला हवं होतं. आणि ते उद्या सकाळी भट्टीत जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळा उघडायच्या आधी दारात उभी होते. हिवाळेकाका किल्ल्या घेऊन आले.

"काका, चारशे सतराचा अहवाल मला मागे घ्यायचाय."

त्यांनी कुलूप काढलं, आत आले, खुर्चीत बसले आणि मलाही बसायला सांगितलं. "का?"

"चुकले मी. एका दलाची रोपं नापास केली. सव्वीस."

"पोरी, तुला नोकरीत किती महिने झाले?"

"पाच आणि थोडे दिवस."

"सहा महिन्यांच्या आत परीक्षकाने अहवाल मागे घेतला तर काय होतं, माहिती आहे?"

माहिती होतं. परवाना निलंबित. पुन्हा तीन महिने शिकाऊ, पुन्हा परीक्षा, आणि नोंद कायमची. "माहितीये."

"मग तीन आठवडे थांब की. सहा महिने पुरे झाले की अर्ज दे. कोणी काही म्हणणार नाही."

"तोवर पाकीट राहील?"

"पाकीट आज."

"हे वाण दुसरीकडे कुठे आहे?"

काकांनी वही उघडली, वाचली आणि मिटली. "दुसरीकडे कुठेच नाही. एवढं एकच पाकीट."

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. चांगला दोन मिनिटं केला. माझी ती पहिली सही होती, बाबांनी तिचा फोटो फोनच्या पहिल्या पडद्यावर लावला होता. आणि पार्टिशनच्या पलीकडचे लोक आता काय म्हणतील तेही मला ऐकू येत होतं, तोंडात बिस्कीट न घालता, स्पष्ट. मग मला तो शर्ट आठवला. निळ्या कापडावरचे ते तीन वेढे. त्या वेलाला मी नापास केलं आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"फॉर्म द्या, काका."

फॉर्ममध्ये 'अहवाल मागे घेण्याचे कारण' यासाठी चार ओळी असतात. मी एकच भरली. 'परीक्षकाने नियम माहीत असूनही जास्त कडकपणा केला.' तीन प्रती. तिन्हींवर सही. या वेळी ती सरळ आली.

निलंबनाच्या आदेशावर सही प्रमुखांची लागते. मी केबिनमध्ये कागद नेला. मॅडमनी फॉर्म वाचला. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचला. "हे तुम्ही कोणाशी चर्चा करून केलंत?" त्यांनी विचारलं. ऑफिसात त्याही मला 'तुम्ही' म्हणतात.

"नाही, मॅडम."

"नमुना कोणाचा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, मॅडम. अजूनही नाही."

त्यांनी माझ्या निलंबनावर सही केली. एवढी सुबक सही मी त्यांची आयुष्यात बघितली नव्हती. "जा," त्या म्हणाल्या, "आणि दार लावून घ्या." दार लावताना आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. सर्दीचा मोसम नव्हता.

फेरचाचणी हिवाळेकाकांनी स्वतः केली. पाकिटातून पुन्हा दोनशे बिया काढल्या. पंचवीस अंशांच्या उगवण कक्षात त्यांना घाम फुटला आणि नवव्या दिवशी, मोजणीच्या मध्यावर, त्यांनी स्वेटर काढला. बातमी पसरली. चार विभागांतून लोक बघायला आले. आत पिवळा शर्ट होता. काकांनी कोणाकडे न बघता मोजणी पूर्ण केली, चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "सहासष्ट."

पाकीट परत उणे अठरा अंशांत गेलं. साठच्या वर आहे, पण फार वर नाही, म्हणून त्यातल्या बिया या हंगामात प्रयोगशाळेच्या वाफ्यात लावून ताजं बियाणं धरायचं असंही ठरलं. वाफा खणायला शिकाऊ माणूस लागतो. शिकाऊ माणूस मीच होते. मी खणला.

निकालाच्या दिवशी आईच्या तोंडाचं कुलूप निघालं. आम्ही बाहेर पडलो, दार मागे लागलं आणि तिने सुरुवात केली ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही. बावीस वर्षांपूर्वी ती नोकरीत नवी होती. बियाणं गोळा करत फिरत असताना एका रेल्वे फाटकाशी तिची गाडी अडली. फाटकवाल्याच्या खोलीच्या कुंपणावर हा घेवडा चढलेला. मालगाडी फार लांब होती. डबे संपेपर्यंत फाटकवाल्याने तिला मूठभर शेंगा तोडून दिल्या आणि पांढरी कोर दाखवून म्हणाला, असं बी तुला दुसरीकडे दिसणार नाही. नाही दिसलं. नंतर तिथे पूल झाला, फाटक गेलं, खोली गेली, कुंपण गेलं.

"माझ्या नोकरीतलं पहिलं पाकीट होतं ते," ती म्हणाली.

"आणि तू गप्प बसलीस? एक शब्द टाकला असतास तर?"

"शब्द टाकला असता तर तो शब्द उगवला असता, बी नाही."

"पण मी चुकले होते. तुला बावन्न हा आकडा तरी कळला असेल."

"कळला. रात्र काढली मी त्या आकड्यावर. चूक असेल असं वाटायचं, मग वाटायचं, आपलं म्हणून वाटतंय. तुझं मोजणं खरं धरायचं नाही तर मग तुला परीक्षक कशाला केलं?" ती थोडं चालली. "कपडे वाळत घालायची फार आठवण यायची."

घरात शिरल्या शिरल्या चपलासुद्धा न काढता तिने फोन उचलला. आधी मावशी. "अगं, ऐक, आमची निलंबित झाली! हो, नोकरीतून. नाही, काढलं नाही, निलंबित. मीच सही केली, अजून कोण करणार! अगं रडतेस काय, पूर्ण ऐक. स्वतःची चूक स्वतः लिहून दिली तिने. तीन प्रतींत! कोणी विचारलं नव्हतं, कोणी पकडलं नव्हतं!"

मग मामा. मग आत्या. मग बाबांचे चुलतभाऊ, ज्यांच्याशी आम्ही चार वर्षं बोलत नव्हतो. प्रत्येकाला 'निलंबित' हा शब्द ती अशी सांगत होती, जसं काही मी परदेशातून पदक घेऊन आले आहे. बाबा शेजारी उभे राहून पुस्ती जोडत होते, "तीन प्रती, हं. तिन्ही स्वतःच्या अक्षरात." खालच्या मजल्यावरचे लोक आमचा टॉवेल परत द्यायला आले होते, त्यांनाही सांगून झालं. त्यांनी माझं अभिनंदन केलं, पण टॉवेल देताना जरा जपून दिला.

रात्री जेवताना मामाचा फोन आला, खास माझ्यासाठी. त्याचा आवाज बारीक होता, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा.

"बाळ, ताई काहीतरी बोलत होती. फार खूश वाटली. मला नीट कळलं नाही. सगळं ठीक आहे ना गं? नोकरी आहे ना?"

"आहे, मामा. वाफा खणते."

"वाफा? तू तर परीक्षक होतीस ना?"

मी आईकडे बघितलं. ती भाताचा घास हातात धरून माझ्याकडे बघत होती, मी काय उत्तर देते ते ऐकायला, मान ताठ, कान माझ्याकडे. महिनाभर गप्प बसलेली बाई आता एक शब्दही मधे बोलत नव्हती.

"होते ना," मी म्हटलं. "म्हणूनच खणतेय."